जुन्या सायकलीची फ्रेम भंगारात देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागातल्या अपार्टमेंटच्या फळ्यांवर एकच सूचना लागते : पार्किंगमधल्या बंद सायकली आठ दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारात दिल्या जातील. आणि खरोखरच आठ दिवसांनी भंगाराच्या हातगाडीवर सायकलींची चळत निघते. तीत लहान पोरांच्या सायकली असतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच गाडीवर २२ इंची, २४ इंची काळ्या सायकलीही असतात. सळईचे ब्रेक, जाड दांडी, मागं जाडजूड कॅरिअर. टायर फाटलेले, सीट उसवलेली, चेन गंजून आखडलेली. फ्रेम मात्र ठणठणीत. ती किलोवर जाते आणि वितळते. हे बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

मी एस. टी.च्या कार्यशाळेत वेल्डर होतो. सगळी नोकरी गाड्यांच्या चॅसी, बॉडीचे सांगाडे आणि त्यांना गेलेल्या चिरा बघण्यात गेली. लोखंड कुठं थकतं, कुठं नुसतं मळतं आणि कुठं खरोखर संपतं, हे हाताला कळतं. त्या अनुभवावर सांगतो : या जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये दुरुस्त होणार नाही अशी गोष्ट फार थोडी असते. दुरुस्तीला कारखाना लागत नाही. अंगणातली थोडी जागा, दोन-चार पाने, कानस, दोरा आणि एका जोडापुरता गॅसवाला एवढं पुरतं.

माझ्याकडची फ्रेम वडिलांची, अ‍ॅटलास कंपनीची. पृथ्वीचा गोल उचललेल्या माणसाचा पितळी छाप अजून पुढच्या नळीवर आहे. वडील वडणगे गावाहून शिवाजी पूल ओलांडून कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध घालायचे, मागं दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या. १९५१ साली सोनिपतमध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. जागतिक सायकल दिन होता त्या दिवशी. वरळीची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले तर त्याच्या कितीतरी आधी गेल्या. म्हणजे हातगाडीवर जातो तो त्यांचा जुना तुकडा पुन्हा मिळणार नाही. गेला की गेलाच.

नातीला शिवाजी विद्यापीठात जायला सायकल हवी होती. आवार मोठं, रस्ते चढ-उताराचे. नवी घ्यायची बोलणी चालली होती. मी म्हणालो, पणजोबांची फ्रेम गोठ्याच्या माळ्यावर आहे, ती खाली काढू. तिथून पुढं जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एक फ्रेम पडून असणार आणि सुरुवात कुठून करायची हे ठाऊक नसल्यानं ती पडून असणार.

पहिलं काम फ्रेम तपासायचं. रंगाखाली चीर दिसत नाही. त्यासाठी आमच्या कार्यशाळेतला जुना उपाय आहे. संशयाच्या जागेचा रंग खरवडून काढायचा, तिथं रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, मग फडक्यानं अगदी कोरडं पुसून त्यावर खडू घासायचा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. सायकलीत तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत : पायडलच्या एक्सलची वाटी जिथं बसते त्या आडव्या नळकांड्याभोवतीचे जोड, सीटखालचा जोड, हँडलखालच्या नळीचे वरचे-खालचे जोड आणि मागच्या चाकाचे कान, म्हणजे चाकाचा एक्सल ज्या खाचांत बसतो ते. माझ्या फ्रेमला सीटची उभी नळी खाली जोडात शिरते तिथं, जोडाच्या जरा वर, बोटाच्या पेराएवढी रेघ उमटली. वर्षानुवर्षं चढावर उभं राहून पायडल मारलं की ही जागा डावी-उजवीकडे वाकत राहते. वर दुधाचं ओझं. चीर तिथंच जाणार.

आता इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. अशी चीर घेऊन रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलात तर तो भला माणूस म्हणेल, द्या इकडं, दोन टाके मारतो. देऊ नका. या फ्रेमच्या नळ्या जोडात बसवून पितळेनं झाळलेल्या असतात. पितळेत जस्त असतं आणि जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. वीजवेल्डिंगचा ताप त्याच्या कितीतरी पुढं. जस्ताचा धूर होतो, वितळलेलं तांबं तापलेल्या स्टीलच्या कणांच्या सांध्यांत शिरतं आणि टाक्याच्या शेजारी नवी चीर तयार होते. शिवाय नळीची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. इलेक्ट्रोड टेकताच भोक पडतं. मग ते भोक बुजवायला आणखी टाके, आणि तो जोड पुढं कधीच नीट होत नाही. एस. टी.त असताना अशी बिघडवलेली कामं सरळ करण्यात आमचे दिवसच्या दिवस गेले आहेत.

योग्य काम गॅसवरचं, पितळेच्या डाखाचं. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, स्टीलला वितळायला दीड हजाराजवळ जावं लागतं. म्हणून नळी वितळत नाही, फक्त लालभडक होते आणि पितळ पाण्यासारखं फटीत ओढलं जातं. फट जितकी बारीक आणि धातू जितका लख्ख, तितका जोड पक्का. मी चिरेच्या दोन्ही टोकांना अडीच मिलिमीटरची भोकं पाडली, त्यानं चीर पुढं धावायची थांबते. चीर कानशीनं थोडी उघडली, भोवतालचा धातू चकाकेपर्यंत घासला. त्यावर त्याच गोलाईची, जुन्या नळीतून कापलेली पट्टी बसवली. तिची दोन्ही टोकं मुद्दाम निमुळती ठेवली. चौकोनी टोकाची पट्टी लावली तर ती संपते त्या रेषेवर सगळा ताण एकदम येतो आणि पुढची चीर नेमकी तिथं जाते. निमुळत्या टोकानं ताण हळूहळू वाटला जातो. टाकणखाराचा लेप दिला आणि डाख सोडला. हे काम शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये केलं. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची नळकांडी घरात आणू नयेत आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरवर तर असलं काही करूच नये. डाख देताना दारं-खिडक्या उघड्या हव्यात, कारण जस्ताच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. डाख दिल्यावर जोडावर पाणी ओतायचं नाही, आपोआप निवू द्यायचा. निवल्यावर टाकणखाराची काच झालेली असते, ती गरम पाण्यात भिजवून काढायची. तिच्याखाली ओल धरली तर गंज लागतो.

बाकी बहुतेक काम घरी झालं. नातीनंच बरंचसं केलं.

खोलायला वेळ लागला. सीटची दांडी नळीत गंजून बसली होती. रॉकेल-डिझेलचं मिश्रण सोडून दिवसेंदिवस तशीच ठेवली, अधूनमधून लाकडी हातोड्यानं टिचक्या दिल्या, मग ती फिरली. घाई करून पाइप घालून पिळली असती तर सीटखालचा जोड तुटला असता. क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांडीची, कॉटर पिन (तिला एक्सलवर घट्ट धरणारी खीळ) काढताना क्रँकखाली जाड नळीचा आधार देऊन मगच ठोकायचं, नाहीतर ठोक थेट छर्ऱ्यांवर जातो आणि वाटीत खड्डे पडतात. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, डाव्या पायडलचेही आटे उलटे. हे ठाऊक नसल्यानं किती चांगल्या वाट्यांचे आटे खराब झाले असतील, मोजदाद नाही. आतले छर्रे पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा. काढलेले छर्रे जपून ठेवायचे कशाला, नवेच घालायचे. स्वस्त असतात आणि जुने एकसारखे झिजलेले नसतात.

गंज काढायला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर वापरला. फ्रेमचे लहान भाग, म्हणजे कॅरिअर, सळया, स्टँड, प्लॅस्टिकच्या पिंपात बुडवले. चार्जरची ऋण तार वस्तूला, धन तार साध्या लोखंडाच्या पत्र्याला. गंज सुटून काळा गाळ होतो, तो ब्रशनं निघतो, आणि निरोगी लोखंड खाल्लं जात नाही. अ‍ॅसिडपेक्षा हे मला केव्हाही पसंत. मात्र धन बाजूला स्टेनलेस स्टीलचं भांडं किंवा चमचा लावायचा नाही. त्यातल्या क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. आणि हे अंगणातच करायचं, कारण हायड्रोजन सुटतो. ठिणगी नको. फ्रेमचा रंग आम्ही ओला पॉलिश पेपर घासून काढला. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ नाका-तोंडात जाऊ देऊ नये.

फ्रेम सरळ आहे का हे बघायला एक दोरा पुरतो. मागच्या चाकाच्या एका कानाला दोरा बांधायचा, पुढं नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या कानाला ताणून बांधायचा. आता सीटची नळी आणि दोरा यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. सारखं आलं तर मागचा त्रिकोण मध्यावर आहे. आमच्याकडे फरक होता, दूध एका बाजूला जास्त चढवत असणार. स्टीलचा मोठेपणा इथं कळतो. ते थंडच वाकवता येतं आणि वाकवलेलं राहतं. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कुणी करू नये, ती तुटते.

वाकवायचंच होतं म्हणून रुंदीही वाढवून घेतली. जुन्या हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी, कानांमधलं अंतर ११२ मिलिमीटर होतं, नव्या हबला १२० लागतात. एकेका बाजूला सागाचा वासा लावून थोडं थोडं रेटायचं, सोडायचं, मोजायचं, पुन्हा दोरा लावायचा. स्टील परत मागं येतं, म्हणून हव्या त्या मापाच्या थोडं पुढं न्यावं लागतं. दोन्ही बाजू एकदम आटेवाल्या सळईनं फाकवल्या तर जी बाजू नरम असेल तीच जास्त सरकते. शेवटी दोन्ही कान एकमेकांना समांतर करून घ्यायचे, नाहीतर एक्सल वाकतो.

हे सगळं कशासाठी, तर ब्रेकसाठी. या सायकलींच्या क्रोमच्या लोखंडी रीम पावसात जवळजवळ ब्रेक धरत नाहीत. रबर आणि क्रोम यांच्यामध्ये पाणी येतं आणि रबर घसरत राहतं. आमच्या कोल्हापूरच्या पावसात, विद्यापीठाच्या उतारावर, पोरीला अशा ब्रेकवर सोडायला माझं मन घेईना. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या रीम आणि दाबाचे कॅलिपर ब्रेक. जुन्या २८ इंची रीमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर, हल्लीच्या ७०० सी रीमचा ६२२. म्हणजे रीमची कड साडेसहा मिलिमीटरनं आत जाते आणि ब्रेकचा हात तेवढा लांब लागतो. पुढं भोक पाडून जुना चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, कमजोर करण्यापेक्षा ब्रेकची सोय असलेला त्याच आट्यांचा दुसरा चिमटा जुन्या बाजारातून आणला. मागं ब्रेक बसवायला दोन नळ्यांच्या मध्ये आडवा तुकडा हवा होता. अर्ध्या इंची नळी कापून तिची टोकं कानशीनं खोलवली, चाक प्रत्यक्ष बसवून ब्रेकची जागा आखली आणि मगच डाख दिला. रुंदी आधी, आडवा तुकडा नंतर. हा क्रम चुकला तर दोन्ही कामं वाया.

चढासाठी गिअर बसवले नाहीत. मूळ दातेरी चक्र ४४ दात्यांचं, मागचं फ्रीव्हील १८ चं. पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे साडेपाच मीटर जायची. दूध घेऊन सपाट रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला ते बरोबर होतं. नातीला मागं २२ दाती घातलं, आता एका फेऱ्याला सुमारे ४.४ मीटर. चढ बसून चढता येतो. एवढ्या लहान बदलानं सायकल दुसरीच होते, आणि त्याला फक्त फ्रीव्हील आणि चेनच्या दोन-चार कड्या लागतात. ज्यांना बाकी काही करायचं नाही त्यांनी निदान हे करावं.

चाकांत तारा भरून त्यांचा आऊट, म्हणजे डुलणं, काढायला मी सायकलमार्टच्या कारागिरांकडे गेलो. ते काम माझं नाही. तारेला बोटानं छेडून आवाजावरून ताण ओळखणारा माणूस आमच्या पेठेत एकच उरला आहे आणि त्याच्या हाताखाली कुणी शिकायला नाही.

नातीच्या एका मैत्रिणीनं सुचवलं होतं की आडवी दांडी कापून लेडीज करा. मी ठाम नाही म्हटलं. त्या दांडीनं त्रिकोण बंद होतो, आणि बंद त्रिकोण हीच या फ्रेमची ताकद. लेडीज फ्रेमला खालून जाणाऱ्या दोन नळ्या मुळातूनच वेगळ्या बेतानं घातलेल्या असतात. वरची दांडी कापून नुसती खाली जोडली तर पुढचं टोक पिळवटत राहतं. नातीला उंची पुरत होती. पुरत नसती तर मी लहान मापाची दुसरी फ्रेम शोधली असती, ही कापली नसती.

नळ्यांच्या आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवलं. ते सुकून आत पातळ पापुद्रा धरतं आणि गंज अडवतं. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवाव्यात. एक्सलच्या नळकांड्याला खालून बारीक भोक पाडलं, कारण पावसाचं पाणी उतरून तिथंच साठतं. रंग पावडर कोटिंगचा, नातीच्या पसंतीचा गडद हिरवा. त्या भट्टीचा ताप दोनशे अंशांच्या आसपास असतो, पितळेच्या जोडाला काही होत नाही. छाप मात्र आधी काढून ठेवला आणि नंतर होता तसा लावला. दुधाच्या किटल्यांचं कॅरिअरही ठेवलं आहे. त्यावर तिची बॅग आणि डबा जातो.

एवढ्या खर्चात नवी आली असती, असं मला चौघांनी सांगितलं. खर्च झाला तो मुख्यतः चाकांचा आणि ब्रेकचा. फ्रेमचं म्हणाल तर पितळेची काडी, गॅस आणि रंग. आणि नव्या स्वस्त सायकलीची फ्रेम तुटली तर ती झाळून देणारा मी शोधायचा कुठं, हा प्रश्न मी त्यांना विचारतो. अर्थात प्रत्येक फ्रेम वाचवावी असं माझं म्हणणं नाही. चिमट्याला चीर असेल तर तो चिमटा निर्धास्तपणे भंगारात द्या. तो तुटला की माणूस तोंडावर पडतो, तिथं ठिगळ चालत नाही. नळीवर अणकुचीदार टोचा दाबला आणि तो आत गेला, तर ती फ्रेम संपली. लहान हातोडीनं वाजवून बघा. निरोगी नळी टणटणते, कुजलेली बद्द वाजते.

माझी मागणी साधी आहे. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वेल्डरच्या अभ्यासक्रमात गॅसवरचं ब्रेझिंग, म्हणजे हेच पितळेच्या डाखाचं काम, शिकवलं जातं. मुलं सरावासाठी पट्ट्या झाळतात आणि त्या पट्ट्या फेकल्या जातात. त्याऐवजी त्यांच्या हाती खऱ्या फ्रेम द्याव्यात. महिन्यातल्या एका रविवारी कार्यशाळा उघडी ठेवावी, लोकांनी आपल्या फ्रेम आणाव्यात, निदेशकांच्या देखरेखीखाली मुलांनी तपासाव्यात, झाळाव्यात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. त्याही स्टीलच्याच. खेडेगावातल्या रस्त्यावर त्यांचा एखादा जोड सुटला आणि झाळणारा जवळ नसला तर सायकल अंगणात पडते आणि मुलगी पायी निघते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये तो जोड तासाभरात होण्यासारखा आहे. अपार्टमेंटच्या कमिट्यांनीही भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक फोन तिथं करावा.

मी अजून काम करू शकतो आणि शिकवायला तयार आहे, मोबदला नको. कोणत्याही संस्थेनं बोलावलं तर येईन. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक या पत्रासोबत आपल्या कार्यालयात वेगळा दिला आहे, विचारणा करणाऱ्यांना तो जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त वेल्डर, कोल्हापूर